ओंजळीतला जीव

मुंग्यांची रांग दिसली की दोन-अडीच वर्षांचे मूल तिच्यापाशी फतकल मारून बसते. आधी ते डोळे विस्फारून पाहते, मग हळूच बोट लावते, आणि कोणी आवरले नाही तर त्याच बोटाने एखादी मुंगी चिरडूनही टाकते. त्याच्या मनात वैर नसते. जे हलते ते काय आहे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. कुतूहल, स्पर्श आणि हिंसा या तिन्ही गोष्टी बालमनात अशा शेजारी-शेजारी नांदतात. मुलांना निसर्गाचे शिक्षण कसे द्यावे, या प्रश्नाचा नैतिक गाभा या लहानशा दृश्यात साठवलेला आहे. ते बोट आपण मागे ओढावे, की त्या बोटाला वळण लावावे?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही. वाडीत रहाटाला जुंपलेला बैल होता, अंगणात कोंबड्या होत्या, गोठ्यात म्हैस व्यायची तेव्हा घरातली पोरे दाराआडून पाहत असायची. पावसाळ्यात बावखले भरली की रात्रभर बेडकांचा गजर चालायचा. जनावरांची संगत हा तेव्हा शिक्षणाचा वेगळा विषय नव्हता. तो घरच्या कामाचाच भाग होता. त्या काळी सारेच दयाळू होते असे मुळीच नाही. चतुराच्या शेपटाला दोरा बांधून त्याला उडवणारी आणि गलोलीने पाखरे पाडणारी मुले त्याच अंगणात वाढली. परंतु जनावराला भूक लागते, ते आजारी पडते, रागावते, मरते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आज बावखले बुजली, गोठे गेले, आणि पुष्कळ मुलांची म्हशीशी ओळख दुधाच्या पिशवीपुरती उरली. ही पोकळी भरून काढण्यासाठी आता जिवंत प्राणी मुलांपर्यंत आणून दाखवण्याची पद्धत रूढ होत आहे. शहरांच्या आसपासच्या सहलींच्या ठिकाणी ससे, बदके, शेळ्या कुरवाळण्यासाठी ठेवलेल्या असतात. शाळांतून, वाढदिवसांतून, सुट्टीतल्या शिबिरांतून कोणी पेटीत घालून इग्वाना आणतो, कोणी परदेशी अजगर आणतो. मुले रांगेने हात फिरवतात, छायाचित्रे निघतात, पालक संतुष्ट होतात. आपल्या धर्मग्रामांतील उन्हाळी शिबिरांचे आयोजकही नव्या कल्पनांच्या शोधात असतातच. तेव्हा या पद्धतीकडे ख्रिस्ती विवेकबुद्धीने एकदा नीट पाहणे आवश्यक आहे. सरसकट निषेध करणे सोपे आहे आणि सरसकट स्वागत करणे त्याहून सोपे. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठे आहे, ते शोधायचे आहे.

प्रथम स्पर्शाची बाजू मांडू या, कारण ती बळकट आहे. मानवी बुद्धीचे ज्ञान इंद्रियांच्या द्वारांतून आत येते, ही ॲरिस्टॉटलची शिकवण संत थॉमस अक्वायनस यांनी स्वीकारली आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानात रुजवली. बालशिक्षणात तिची प्रचीती मारिया माँटेसरी यांनी आणून दिली. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांनी येथेच काढला. मुलाने रोपांना पाणी घालावे, प्राण्यांना दाणा टाकावा, असा त्यांचा आग्रह होता. कारण आपण विसरलो तर हा जीव उपाशी राहील, हे कळलेल्या मुलाला निराळ्या आज्ञेची गरज उरत नाही; गरज स्वतःच त्याला हाक मारते. माँटेसरी आणि गिजुभाई बधेका यांच्या विचारांनी भारावलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर शाळाच त्यांच्याकडे कुरणात नेली गेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द आपल्याच जिल्ह्याने मराठीला दिला आहे. ज्या मुलाच्या हातात गुराची दोरी आहे त्याचे शिक्षण त्या गुराला सोडून होणार नाही, ही समज त्या शब्दात आहे.

स्पर्शाने भीतीही जाते. भीती ही क्रौर्याची सख्खी बहीण आहे. माणूस ज्याला भितो त्याला ठेचतो. आपल्याकडे साप दिसला की काठी शोधली जाते. या भीतीला अगदीच आधार नाही असेही म्हणता येणार नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. परंतु आपल्या परिसरात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी धामणीसारखे पुष्कळ साप उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतात. हे लोकांना पटावे म्हणून पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. तेथे सापांविषयी चार गोष्टी ऐकून आलेला मुलगा घरी धामण निघाली तर काठीऐवजी सर्पमित्राला बोलावण्याचा हट्ट धरील, ही शक्यता लहानसहान नाही. त्यात सापाचाही जीव वाचतो आणि माणसाचाही.

आता दुसरी बाजू. जत्रेत हिरव्या-गुलाबी रंगांत बुडवलेली कोंबडीची पिल्ले विकायला येतात. मूल हट्ट करते, बाप पैसे मोजतो, पिल्लू खोक्यातून घरी येते. दिवसभर ते या हातातून त्या हातात फिरते, रात्री उबेअभावी कुडकुडते, आणि दोन-चार दिवसांत बहुधा मरते. मूल रडते म्हणून दुसरे आणले जाते. या व्यवहारात मुलाला जिवंत प्राण्याचा स्पर्श घडला, हे खरे. पण तो काय शिकला? जीव ही बाजारात मिळणारी वस्तू आहे, ती मोडली तर बदलून मिळते, आणि तिला आपल्या आवडीचा रंगही देता येतो, हे तो शिकला. स्पर्श शिकवतो यात शंका नाही. तो कोणता धडा शिकवील, हे मात्र स्पर्शावर अवलंबून नसते.

प्राण्यालाही त्याची बाजू आहे. बेडूक आपल्या ओलसर त्वचेतून श्वास घेतो; कोरड्या, घामट हातांची हाताळणी त्याला अपायकारक ठरते. फुलपाखराच्या पंखांवरची पूड म्हणजे त्याचे खवले. ते आपल्या बोटांना लागतात आणि पुन्हा उगवत नाहीत. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. त्याला उचलून धरले की तो निपचित बसतो आणि आपण समजतो, किती माणसाळलेला आहे! पुष्कळदा तो भीतीने गोठलेला असतो. चाळीस मुलांच्या ऐंशी हातांतून जाणाऱ्या प्राण्याच्या शांतपणाला आपण प्रेम म्हणतो, कारण त्याला ‘पुरे’ म्हणण्याची भाषा नाही.

शिक्षण या शब्दाआड काय काय लपू शकते, याचे भान ठेवले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्याची जुनी परंपरा होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती थांबली. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथे २१ नाग पकडण्यास परवानगी दिली, ती शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचा प्रसार या कारणासाठी. त्या गावच्या बांधवांची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि नागाशी त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. इतरांच्या चालीरीतींवर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि येथे तो हेतूही नाही. प्रश्न सर्वांनाच लागू पडणारा आहे: ‘शिक्षणासाठी’ हा शब्द उच्चारला की जिवाला पकडण्याचा, कोंडण्याचा, हाताळण्याचा परवाना मिळतो का? शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हाच परवाना दाखवून अगणित बेडूक कापले गेले. अखेर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून प्राणिविच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. जे ज्ञान दुसऱ्या वाटेने मिळू शकते त्यासाठी जीव का घ्यावा, हा विचार त्यामागे होता. तोच विचार प्राण्यांना केवळ हाताळण्याच्या बाबतीतही लागू होतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय सांगते? उत्पत्तीच्या पुस्तकात एक विलक्षण प्रसंग आहे. परमेश्वर भूमीवरचे पशू व आकाशातील पाखरे आदामाकडे घेऊन येतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. मानवजातीचा निसर्गविज्ञानाचा हा पहिला पाठ म्हणता येईल. प्राण्यांना घेऊन येणारा स्वतः निर्माता आहे, आणि आदामाकडून अपेक्षा आहे ती नाव देण्याची, म्हणजे प्रत्येकाचे वेगळेपण ओळखण्याची. त्याच पुस्तकात माणसाला सृष्टीवर सत्ता दिल्याचे म्हटले आहे, आणि त्या वचनाचा आधार घेऊन ख्रिस्ती माणसांनीही सृष्टीची पुष्कळ लूट केली आहे. परंतु पुढच्याच अध्यायात त्याला बागेची मशागत आणि राखण करण्याचे काम सोपवले आहे. राखणदाराची सत्ता ही मालकाची सत्ता नव्हे, हे वाडीत गडी म्हणून राबलेल्या आपल्या पूर्वजांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

मोशेच्या नियमशास्त्रात तर अगदी आपल्या विषयाचाच एक नियम आहे. वाटेत पाखराचे घरटे सापडले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर आईला धरू नये. तिला सोडून द्यावे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये. शब्बाथाच्या दिवशी बैलाला आणि गाढवालाही विसावा द्यावा. हे नियम भुकेल्या, कष्टकरी लोकांसाठी होते; पिल्ले घेऊ नका असे ते सांगत नाहीत. घेणाऱ्या हाताला कोठेतरी थांबता आले पाहिजे, एवढेच ते सांगतात. आणि प्रभू येशू? आकाशातील पाखरांकडे लक्ष देऊन पाहा, असे त्यांनी शिष्यांना सांगितले. पाखरू हातात धरून त्यांनी तो पाठ दिला नाही. पाखराचे उडते असणे हाच त्या पाठाचा आशय होता. पिंजऱ्यातले पाखरू दाखवून निश्चिंततेचा पाठ देता आला नसता.

प्राण्यांशी दयेने वागावे, याचे कारण संत थॉमस अक्वायनस असे देतात, की पशूंवर दया करणारा मनुष्य माणसांवर दया करण्यास सहज तयार होतो, आणि पशूंशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो. पाचशे वर्षांनंतर जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत जवळजवळ हाच विचार मांडला आणि त्यासाठी एक सुंदर उदाहरण दिले. थोर गणिती व तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी एक बारीकशी अळी निरीक्षणासाठी घेतली. पाहणे संपल्यावर त्यांनी ती तिच्या पानासह पुन्हा झाडावर नेऊन ठेवली. आपल्या हातून तिला काही इजा व्हावी, हे त्यांना बरे वाटले नाही.

या उदाहरणात निसर्गशिक्षणाची सारी मर्यादा आणि सारी थोरवी आली आहे, असे मला वाटते. लायब्निझ यांनी अळीला हात लावलाच नाही, असे नाही. त्यांनी ती घेतली, पाहिली, तिच्यापासून ते काही शिकले. परंतु ती कोठून आणली हे ते विसरले नाहीत. शिकणे पूर्ण झाले ते अळी परत पानावर पोहोचली तेव्हा.

मात्र अक्वायनस आणि कांट यांच्या युक्तिवादात एक उणीव राहते. प्राण्याशी चांगले वागायचे ते आपल्या चांगुलपणाचा सराव व्हावा म्हणून, एवढेच म्हटले तर प्राणी हा आपल्या सद्गुणांची तालीम करण्याचे साधन ठरतो. ख्रिस्तसभेची शिकवण आज याच्या पुढे गेलेली आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, केवळ आपल्या अस्तित्वानेच ते त्याचा गौरव करतात, आणि म्हणून माणसाने त्यांना ममतेने वागवणे हे त्याचे देणे आहे. अन्न-वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तो मुभा देतो. निष्कारण त्यांना पीडा देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला विरोधी मानतो. आणि माणसाला द्यावयाचे प्रेम प्राण्यावर उधळू नये, हेही बजावतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले की इतर जिवांना देवाच्या दृष्टीने त्यांचे स्वतःचे मूल्य आहे. ते आपल्या उपयोगावर मोजायचे नाही. हे मान्य केले, तर मुलाच्या शिक्षणासाठी आणलेला प्राणीही त्या वर्गात स्वतःचे मूल्य घेऊन आलेला असतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तो वापरता येत नाही.

मग मूल आणि प्राणी यांची गाठ घालायची तरी कशी? मला वाटते, तिचे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एकात मूल पाहुणा होते, दुसऱ्यात पालक.

रानातला जीव त्याच्या घरी राहतो. तेथे आपण पाहुणे. पाहुण्याने उंबऱ्याबाहेर थांबावे, आवाज करू नये, यजमानाने दाखवले तेवढे पाहावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावाने हा पाहुणाचार शिकवण्याची एक रीत घालून दिली आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या वाळूत खड्डा करून शंभरावर अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांसह संरक्षणाचे काम हाती घेतले, आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. सुमारे दीड-दोन महिन्यांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. सकाळी व संध्याकाळी ती वाळूवर सोडली जातात, आणि दोरीपलीकडे उभी असलेली माणसे श्वास रोखून पाहतात. पिल्लाला कोणी उचलून पाण्यात टाकत नाही. ते स्वतःच्या पायांनी, धडपडत, लाटेचा मार खात समुद्राकडे जाते. कधी पिल्ले बाहेर येतच नाहीत आणि लांबून आलेली मुले हिरमुसून परततात. पण हिरमुसणे हाही त्या पाठाचा भाग आहे. आपल्या सोयीने निसर्ग चालत नाही, हे ज्या मुलाला वेळासला कळले, त्याने तिकीट काढून पाहता येणाऱ्या शंभर प्रदर्शनांहून अधिक काही मिळवले.

दुसरा मार्ग पालकत्वाचा. कोंबडी, शेळी, कुत्रा, मांजर हे जीव हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाने राहत आले आहेत. त्यांना हात लावण्यात गैर काही नाही. उलट त्यांच्या अंगाखांद्याला हाताची सवय आहे. पण तो हात रोजचा असला पाहिजे. सकाळी खुराडे उघडणारा, पाणी बदलणारा, घाण काढणारा, परीक्षेच्या दिवशीही आधी दाणा टाकून मग शाळेत जाणारा हात. नीतिसूत्रांत सांगितले आहे की नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. ‘आपल्या’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. पंधरा मिनिटे कुरवाळून ज्याला आपण परत पेटीत ठेवतो, तो प्राणी आपला नसतो आणि आपण त्याचे पाहुणेही नसतो. तेथे मूल ना पाहुणा, ना पालक. ते केवळ गिऱ्हाईक असते. भाड्याने आणलेल्या प्राण्यांच्या प्रदर्शनांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मुलाला ते गिऱ्हाइकाचे नाते शिकवतात, आणि पुढे हेच नाते ते माणसांशीही जोडू लागेल, ही भीती अक्वायनस यांनी आधीच बोलून दाखवली आहे.

पालकत्वाचा मार्ग सोपा नाही, कारण त्याच्या शेवटी मृत्यू उभा असतो. पाळलेला मासा मरतो तेव्हा मूल शाळेतून येण्याआधी तसाच दुसरा आणून ठेवण्याचा मोह पालकांना होतो. हे वात्सल्य असले तरी तो असत्याचा धडा आहे. मुलाला मेलेला मासा पाहू द्यावा, अंगणात पुरू द्यावा, रडू द्यावे. पुढे आजी-आजोबांच्या शवपेटीपाशी उभे राहण्याचे बळ त्याला या लहान शोकांतूनच येणार आहे. आणि घरची कोंबडी सणाला कापली जाते तेव्हा? आपण मांसाहारी माणसे आहोत; हा प्रश्न टाळून प्राणिदयेवर प्रवचन देणे हे ढोंग ठरेल. ज्या मुलाने कोंबडीला दाणा टाकला, त्याचा घास त्या दिवशी घशात अडकला तर त्याला हसू नये. त्याला सांगावे की आपण हा जीव घेतला आहे, तो उगाच घेतलेला नाही, त्याला शक्य तेवढ्या कमी वेदना होतील असे पाहिले आहे, आणि पानातले अन्न टाकायचे नाही. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेला त्या दिवशी खरा अर्थ येतो. बाजारातून कापून आणलेल्या मांसाने तो इतक्या सहज येत नाही.

येथे संत फ्रान्सिस असिसीकर यांची आठवण होणे अटळ आहे. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणशास्त्राच्या उपासकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो येथे त्यांनी गव्हाणीचा देखावा उभारला, तेव्हा खरे गवत आणवले, खरा बैल आणि खरे गाढव आणवले. बाळ येशू कोणत्या दारिद्र्यात जन्मला, ते लोकांना डोळ्यांनी पाहता यावे, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे जिवंत प्राण्यांच्या साहाय्याने शिक्षण देणे ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. नाताळच्या आपल्या प्रत्येक गोठ्याचे मूळ तेथे आहे. पण त्या रात्री बैल आणि गाढव यांना कोणतेही नाटक करायचे नव्हते. जित्राबाने जेथे असायचे तेथेच, गवतापाशी, ते उभे होते. आजही जेथे जिवंत देखावा उभारला जातो तेथे हीच कसोटी लावावी. फटाक्यांच्या आवाजात आणि दिव्यांच्या झगमगाटात कावरेबावरे झालेले कोकरू संत फ्रान्सिस यांना आवडले नसते.

यावर एक विचारी वाचक म्हणेल, ‘पहिली भेट कशीही घडो, त्यातून आयुष्यभराचे प्रेम जन्माला येत असेल तर एका प्राण्याला झालेला त्रास क्षम्य नाही का?’ या आक्षेपाच्या बाजूने सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे डॉ. सलीम अली. १९०८ च्या सुमारास, बारा-एक वर्षांचे असताना, त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, या कुतूहलापोटी मामांच्या सांगण्यावरून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, आणि भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नावही त्या चिमणीच्या पतनाचेच दिले. एक चिमणीही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, हे प्रभू येशूंचे वचन त्या नावामागे आपल्याला ऐकू येते.

परंतु ही गोष्ट नीट ऐकली पाहिजे. त्या काळी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणारी मुले थोडीथोडकी नव्हती. त्यांतले सलीम अली एकच झाले. जीव घेण्याने त्यांना पक्षिशास्त्रज्ञ केले नाही. मुलाने विचारलेला प्रश्न एका मोठ्या माणसाने गंभीरपणे घेतला आणि हातातले काम बाजूला सारून खण उघडले, म्हणून ते घडले. प्राण्याची भेट हे निमित्त असते. पुढचे सारे शेजारी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यावर अवलंबून असते. आपण मात्र मुलांसाठी प्राणी भाड्याने आणतो आणि त्यांच्या प्रश्नांसाठी आपला वेळ देत नाही.

वेळास दूर आहे, कोंबड्या पाळायला अंगण नाही, मग गाळ्यात राहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? त्याच्यासाठीही वाट आहे, आणि ती फुकट आहे. लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड कुंडीत लावावे. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू कधीतरी त्याच्या कोवळ्या पानावर एकेक अंडे घालून जाईल. त्यातून निघणारी अळी पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पाखरे तिला खात नाहीत. पुढे ती हिरवीगार होते आणि डिवचले तर डोक्यामागून केशरी रंगाचे दोन कोंब बाहेर काढून उग्र वास सोडते. हीच तिची ‘पुरे’ म्हणण्याची भाषा! मुलाने ती एकदा पाहिली की हात आपोआप मागे येतो. मग कोश, आणि एके सकाळी ओले पंख वाळवणारे फुलपाखरू. कधी कोशातून फुलपाखराऐवजी एखादी बारीक गांधीलमाशीच बाहेर पडेल, कारण तिने अळीच्या अंगात आपली अंडी घातलेली असतात. तेव्हा मूल विचारील, देवाने असे का केले? या प्रश्नाचे झटपट उत्तर देऊ नये. ईयोबाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देतानाही परमेश्वराने त्याला रानशेळ्या, रानगाढव, गरुड यांच्याकडेच पाहायला लावले होते. काही प्रश्न मुलासोबत बसून पाहायचे असतात.

आपल्या राज्यघटनेने १९७६ साली समाविष्ट केलेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीवांविषयी करुणा बाळगणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. १९६० पासून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. भारतीय पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरीही काही ख्रिस्ती घरांच्या ओटीवर तो दिसतोच. कायदा हात धरू शकतो. हाताला वळण लावण्याचे काम घराचे आणि धर्मग्रामाचे आहे. ते काम एखाद्या संध्याकाळच्या मनोरंजनाने होणार नाही. त्यासाठी आईला, बापाला, धर्मशिक्षण देणाऱ्या ताईला मुलाशेजारी गुडघे टेकून बसावे लागेल.

तेव्हा पुढच्या सुट्टीत शिबिराचे पत्रक हाती आले आणि त्यात प्राण्यांशी प्रत्यक्ष भेट असे छापलेले दिसले, तर लगेच नाकारू नये आणि लगेच पैसेही भरू नयेत. आयोजकांना आदराने तीन प्रश्न विचारावेत. या प्राण्याला नको असेल तेव्हा दूर जाता येईल का? जे शिकवायचे आहे ते त्याला न हाताळता शिकवता येणार नाही का? आणि कार्यक्रम संपून मुले घरी गेली की हा प्राणी कोठे जातो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना मुलालाही शेजारी उभे राहू द्यावे.